‘लेट अस प्रे’मधले ‘आपण’ कोण?

पत्र थोडक्यात असं : लेखिका ४६ वर्षांच्या, गेली १८ वर्षं अमेरिकेत राहतात. पाच वर्षांपूर्वी त्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं आणि गेल्या नोव्हेंबरमध्ये आपल्या छोट्या गावाच्या टाउन कौन्सिलवर निवडून आल्या. पाच सदस्यांपैकी चौघे ख्रिस्ती, या एकट्याच हिंदू. दर पंधरा दिवसांनी होणाऱ्या मीटिंगची सुरुवात प्रार्थनेने होते. ती सदस्यच आळीपाळीने म्हणतात आणि समोर बसलेले लोक उभे राहतात. पुढच्या महिन्यात पाळी लेखिकेची आहे. वयस्कर, प्रेमळ अध्यक्षांनी सांगितलंय, ‘तुमच्या पद्धतीने म्हणा, संस्कृतमधून म्हणालात तर फारच छान.’ यजमान म्हणतात, अशी संधी सोडू नकोस. महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणींना व्हिडिओ करायचाय. बारावीतल्या मुलीचं म्हणणं, सरकारी मीटिंगमध्ये प्रार्थना हेच मुळात चूक, तू म्हटलीस तर तो दुटप्पीपणा होईल. लेखिका रोज देवापाशी दिवा लावतात. त्या विचारतात, ‘म्हणू की नको? नाही म्हटलं तर मला नास्तिक समजतील, नाहीतर कृतघ्न. हो म्हणायला जावं तर आतून काहीतरी टोचतंय, पण काय ते सांगता येत नाही.’

प्रिय ताई,

टोचतंय ते खरं आहे, त्याला दाबू नका. पण ते काय आहे हे शोधण्याआधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य बाजूला काढते. तुम्ही लिहिलंय, ‘त्यांच्या देशात त्यांनी मला इतकं सामावून घेतलं, आता त्यांच्याच प्रथेला नाही कसं म्हणू?’ एका वाक्यात तीनदा ‘त्यांनी-त्यांच्या’. ताई, तुम्ही नागरिकत्वाची शपथ घेतलीत, घरोघर जाऊन मतं मागितलीत, लोकांनी ती दिली. पाहुणीने वाढलेलं ताट मुकाट्याने जेवावं हे ठीक आहे. पण तुम्ही आता त्या घरच्या आहात. घरच्या माणसाला घरातल्या रीतीबद्दल बोलता येतं, आणि कधी कधी बोलावंही लागतं. ‘हो’ म्हणा किंवा ‘नाही’ म्हणा, पण उपकाराची फेड म्हणून यातलं काहीच करू नका.

दुसरं गृहीतक असं की प्रार्थना न म्हणणं म्हणजे देव नाकारणं. तुमच्या देवाचा आणि तुमचा संबंध त्या सभागृहात सुरू झाला नाही, तिथे संपणारही नाही. कौन्सिलची शपथ घेतलीत तो दिवस आठवा. अमेरिकेच्या राज्यघटनेचं सहावं कलम म्हणतं की पदावर येणारा माणूस शपथ घेईल किंवा प्रतिज्ञा करेल, आणि कोणत्याही पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. आपल्या भारताच्या घटनेतही हीच सोय आहे : ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणा किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ म्हणा. देवाचं नाव घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. हे जमतं, कारण शपथ ‘मी’ने सुरू होते. मी माझ्यापुरतं बोलते आणि माझ्या शब्दांचं ओझं दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर पडत नाही.

सभेतली प्रार्थना मात्र ‘मी’ने सुरू होत नाही. ‘लेट अस प्रे’ने होते. मला वाटतं, तुम्हाला टोचतंय ते इथे.

इंग्रजीत ‘वुई’ आणि ‘अस’ एवढ्यावर भागतं. मराठीत आपल्याला दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा त्यातून वगळला जातो. ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो, त्याला विचारलेलं असो वा नसो. ‘आम्ही जेवायला निघालोय’ आणि ‘आपण जेवायला निघालोय’ यातला फरक आपल्या तीन वर्षांच्या पोरालाही कळतो, लगेच चप्पल घालायला धावतं. तर मग ‘लेट अस प्रे’चं मराठी काय करायचं? कौन्सिलचे पाच जण कामाला बसण्याआधी स्वतःसाठी प्रार्थना करताहेत, म्हणजे ‘आम्ही प्रार्थना करतो’, असं? की समोरच्या खुर्च्यांवर बसलेले, पाणीपट्टीची तक्रार घेऊन आलेले, कुंपणाची परवानगी मागायला आलेले सगळे धरून ‘आपण प्रार्थना करू या’, असं?

अमेरिकेत या विषयावर इतकी वर्षं जो वाद चाललाय तो बऱ्याच अंशी याच एका सर्वनामाचा आहे, असं मला वाटतं. आणि तो आजचा नाही. १७७४ मध्ये पहिली काँटिनेंटल काँग्रेस, म्हणजे अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, भरली तेव्हा प्रार्थनेचा प्रस्ताव आला, आणि जॉन जे व जॉन रटलेज यांनी हरकत घेतली की आपल्यात इतक्या पंथांचे लोक आहेत, एकत्र उपासना कशी करणार? सॅम्युएल ॲडम्स यांनी समजूत काढली आणि प्रार्थना झाली. १७८७ मध्ये राज्यघटना लिहायला बसलेल्या सभेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी रोज प्रार्थनेने सुरुवात करू या असं सुचवलं, तर तो प्रस्ताव मंजूर झालाच नाही. दोन वर्षांनी, १७८९ मध्ये, पहिल्या काँग्रेसने मात्र पगारी धर्मोपदेशक नेमले. म्हणजे ‘आमची ही परंपराच आहे’ असं अध्यक्ष तुम्हाला सांगतील तेव्हा ते खरंच बोलत असतील. फक्त त्या परंपरेला पहिल्या दिवसापासून हरकत घेणारी माणसंही त्याच खोलीत होती, आणि तीही पूर्वजच.

शाळांचा प्रश्न १९६२ मध्ये सुटला. न्यूयॉर्क राज्याने मुलांसाठी २२ शब्दांची, कोणत्याही पंथाचं नाव नसलेली प्रार्थना लिहून दिली होती. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, प्रार्थना लिहिणं हे सरकारचं काम नाही. मोठ्या माणसांच्या सभांचं तसं झालं नाही. १९८३ मध्ये नेब्रास्काच्या विधिमंडळातली प्रार्थना कोर्टाने चालू ठेवली, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस नावाच्या गावाच्या बोर्डाचीही, पाच विरुद्ध चार मतांनी. त्या गावात १९९९ पासून २००७ पर्यंत प्रार्थना म्हणणारे सगळेच्या सगळे ख्रिस्ती होते. तक्रार केली ती गावातल्याच दोन बायकांनी, एक ज्यू आणि एक निरीश्वरवादी. प्रार्थना चालू शकते असं म्हणताना न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलं की तिचा मुख्य श्रोता लोक नव्हेत, बोर्डाचे सदस्यच आहेत. म्हणजे ‘आम्ही’. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती एलेना केगन यांनी एका साध्या गोष्टीवर बोट ठेवलं : पाहुणा धर्मोपदेशक उभा कसा राहतो ते बघा. त्याची पाठ बोर्डाकडे असते आणि तोंड समोर बसलेल्या लोकांकडे. म्हणजे ‘आपण’.

हे मी इतकं सविस्तर सांगतेय कारण तुमची गोष्ट याहून एक पायरी पुढची आहे. ग्रीसमध्ये प्रार्थना बाहेरून आलेला माणूस म्हणत होता. तुमच्याकडे ती सदस्य स्वतः म्हणतात, म्हणजे ज्यांच्या हातात परवाने, दंड आणि नेमणुका आहेत तीच माणसं. यावर अमेरिकेतली दोन अपील न्यायालयं २०१७ मध्ये एकाच वर्षात उलटसुलट बोलली. नॉर्थ कॅरोलिनामधल्या रोवन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, पाच कमिशनर आळीपाळीने लोकांना उभं राहायला सांगून प्रार्थना म्हणत. चौथ्या सर्किटने, म्हणजे त्या भागातल्या राज्यांच्या अपील न्यायालयाने, ते घटनाबाह्य ठरवलं. मिशिगनमधल्या जॅक्सन काउंटीत साधारण तसंच चालत होतं, तिथे सहाव्या सर्किटने ते चालेल म्हटलं. दोन्ही पक्षकार वर गेले आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही प्रकरणं ऐकायला नकार दिला. तुम्ही राज्य लिहिलेलं नाही. व्हर्जिनिया, मेरीलँड, वेस्ट व्हर्जिनिया किंवा दोन्ही कॅरोलिना यांपैकी कुठे राहत असाल, तर तुमच्या कौन्सिलची ही पद्धत टिकणं अवघड आहे. मिशिगन, ओहायो, केंटकी किंवा टेनेसीत असाल तर कायद्याने ती चालू शकते. बाकी ठिकाणी टाउन अटर्नींना, म्हणजे गावाच्या वकिलांना, विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

जॅक्सन काउंटीच्या खटल्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ज्या नागरिकाने तक्रार केली त्याचं म्हणणं असं की तो मीटिंगमध्ये या प्रार्थनेविरुद्ध बोलायला उभा राहिला तेव्हा एका कमिशनरने आपली फिरती खुर्ची वळवून त्याच्याकडे पाठ केली. कायदा त्या खुर्चीबद्दल काय म्हणतो ते सोडा. तुम्ही त्या मंचावर बसता. खालून ती वळणारी खुर्ची कशी दिसत असेल, याचा विचार तुम्हीच करू शकता.

आता माझं सांगते. मी ३१ वर्षं सरकारी कार्यालयात नोकरी केली. दर सोमवारी सकाळची बैठक प्रार्थनेने सुरू व्हायची, आणि माझा आवाज बरा म्हणून ती मीच सांगायचे. आवडायचं मला. मन स्वच्छ व्हायचं. आमच्या लेखा शाखेत एक गृहस्थ होते, आधी ते माझ्या आवाजात आवाज मिळवून म्हणायचे. एका पावसाळ्यात त्यांचा मुलगा गेला. महिन्याभराने ते कामावर आले आणि त्यानंतर दर सोमवारी बरोबर प्रार्थनेच्या वेळी त्यांना रेकॉर्ड रूममध्ये काहीतरी काम निघू लागलं. एका सोमवारी मी स्वतः त्यांना बोलवायला गेले. म्हटलं, ‘चला, तुमच्यासाठीच थांबलोय.’ प्रेमानेच म्हटलं. ते आले, माझ्यासमोर उभे राहिले. सगळ्यांनी हात जोडले. त्यांनी मात्र एक जाडजूड फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. हात मोकळे नव्हते, म्हणून जोडावे लागले नाहीत. ती फाइल त्यांच्या शाखेची नव्हतीच. येताना दारातल्या टेबलावरून उचललेली होती.

मी प्रार्थना पुरी केली. फाइलचा अर्थ मला कळायला पुढची कितीतरी वर्षं गेली, आणि कळला तेव्हा त्यांची बदली होऊन ते गेलेले होते. ते माझ्याच धर्माचे, माझ्याच जातीचे, तीच प्रार्थना लहानपणापासून पाठ असलेले. त्यांच्या विरोधात काहीच नव्हतं, ना कायदा, ना बहुमत. फक्त त्या दिवसांत देवाशी बोलणं त्यांना शक्य नव्हतं, आणि मी, वरच्या जागेवर बसणाऱ्या बाईने, त्यांना ‘आपण’मध्ये ओढून आणलं होतं. म्हणून मी तुम्हाला सांगते, अडचण फक्त परधर्मीयांची किंवा नास्तिकांची असते असं धरून चालू नका. तुमच्या समोरच्या त्या चार रांगांत कोण कशातून जातंय, हे तुम्हाला मंचावरून दिसणार नाही.

यजमानांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. ज्या सभागृहात तुमच्यासारखं दिसणारं कोणी कधी बसलं नव्हतं तिथे आपल्या भाषेतले शब्द उमटावेत, ही इच्छा किती खोलवरून येते ते मला कळतं. सप्टेंबर २००० मध्ये वेंकटाचलपती समुद्राल या हिंदू पुजाऱ्यांनी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात पहिल्यांदा प्रार्थना म्हटली तेव्हा कितीतरी घरांत आनंद झाला असेल. जुलै २००७ मध्ये राजन झेद हे हिंदू धर्मगुरू सिनेटमध्ये प्रार्थना म्हणायला उभे राहिले तर गॅलरीतून आरडाओरडा झाला, तिघांना अटक करावी लागली. झेद थांबले आणि शांतपणे पुन्हा सुरू केलं. तो अपमान आपल्या सगळ्यांना लागला होता. तुमच्या यजमानांच्या हट्टामागे तेही असेल. पण या दोघांत आणि तुमच्यात एक फरक आहे. ते पाहुणे होते. तुमच्याकडे मत आहे.

आणि ‘सगळ्यांना पाळी मिळते, मग अन्याय कुठे?’ हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, तो जरा तपासून बघा. तुमच्या पद्धतीत पाळी कोणाला मिळते? जो निवडून येतो त्याला. ज्यांची गावात तीन घरं आहेत, जे कधीच निवडून येणार नाहीत, त्यांची पाळी कधीच येणार नाही. तुम्ही प्रार्थना म्हटलीत की त्या तीन घरांतल्या कोणी तक्रार केली तर उत्तर तयार असेल : ‘बघा, आम्ही हिंदू बाईंनाही संधी दिली.’ तुमचा श्लोक त्या उत्तराचा पुरावा होईल. बरं, पाळी खरोखर सगळ्यांना द्यायची म्हटलं तरी ते किती जणांना पेलतं? ॲरिझोनामधल्या फीनिक्स शहराच्या कौन्सिलपुढे २०१६ मध्ये सॅटानिक टेंपल या सैतानाला प्रतीक मानणाऱ्या गटाच्या लोकांची पाळी आली. कौन्सिलने ऐनवेळी प्रार्थनाच काढून मूक प्रार्थना ठेवली, आणि काही आठवड्यांत प्रार्थना परत आणली ती पोलीस आणि अग्निशमन दलाच्या धर्मोपदेशकांपुरती. दार उघडं आहे असं म्हणणाऱ्यांना, नको असलेला माणूस उंबऱ्याशी आला की दार आठवतं.

संस्कृतबद्दलही एक बोलते, राग मानू नका. ‘संस्कृतमधून म्हणालात तर छान’ यात अध्यक्षांचा भाव चांगलाच आहे. पण कोणाला कळणार नाही म्हणून कोणी दुखावणार नाही, असा हिशोब त्यात असेल तर मग ती प्रार्थना राहिली का? ती सजावट झाली. तुम्ही रोज संध्याकाळी जे म्हणता ते सजावटीला द्यायचं का, हे तुम्हीच ठरवा. मंडळाच्या मैत्रिणींना मात्र आत्ताच सांगून टाका की व्हिडिओ नको. कॅमेरा आला की निर्णय तुमच्या हातात राहणार नाही.

लेकीचं तत्त्व बरोबर आहे. तिचा ‘दुटप्पीपणा’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. ज्याला श्रद्धाच नाही त्याने प्रार्थनेचं सोंग आणलं तर तो दुटप्पीपणा. तुमची श्रद्धा खरी आहे. श्रद्धा असलेल्या माणसानेच ‘ही जागा प्रार्थनेची नाही’ म्हणणं, यात काहीही विसंगत नाही. तिला आपल्याच इतिहासातला एक दिवस सांगा. १७ ऑक्टोबर १९४९. संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. हृदयनाथ कुंझरू उठले आणि म्हणाले की श्रद्धेच्या बाबतीत कोणावर सक्ती होऊ नये. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनवलं की देवावर मतदान करण्याच्या संकटात आम्हाला टाकू नका. कामत मागे हटले नाहीत. मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८, आणि दुरुस्ती पडली. विरोधात मत देणाऱ्या त्या ६८ जणांत घरी देवपूजा करणारी माणसं थोडी का असतील? ‘आपल्याकडे तर सगळीकडे चालतं’ असं कोणी म्हणालं तर हा दिवस त्यांनाही सांगा.

तर मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे : लोकांना उभं करून, ‘आपण प्रार्थना करू या’ म्हणून, कौन्सिल सदस्य या नात्याने प्रार्थना सांगू नका. पण याचा अर्थ त्या दिवशी तोंड मिटून बसा असा नाही, आणि पहिल्याच पाळीला सगळ्या प्रथेविरुद्ध भाषण ठोका असाही नाही. भाषण केलंत तर त्या सभेत आपलं काम घेऊन आलेल्या माणसाची संध्याकाळ तुमच्या तत्त्वावर खर्च होईल.

अगदीच धीर होत नसेल तर पाळी सोडून द्या. ‘या वेळी मी थांबते’ एवढं वाक्य पुरे, कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर चर्चा होते. पण पाळी सोडणं एकदा खपतं. तिसऱ्यांदा सोडलीत की गावात तुमच्याऐवजी दुसरेच लोक तुमचं कारण सांगू लागतील. त्यापेक्षा मला दोन वाटा बऱ्या वाटतात. एक म्हणजे अर्धा मिनिट शांतता. ‘आपापल्या परीने मन एकाग्र करायला आपण तीस सेकंद शांत बसू या.’ हे ‘आपण’ चालतं, कारण शांततेत ज्याला देव आठवायचा त्याला देव आठवतो, आणि ज्याला आपल्या कुंपणाचा अर्ज आठवायचा त्याला अर्ज. लोकांना उभं राहायला सांगू नका. बसल्या बसल्या शांत राहता येतं.

दुसरी वाट मला जास्त आवडते. शब्द बोला, पण ‘मी’ने बोला, आणि तोंड सहकाऱ्यांकडे ठेवून बोला. उदाहरणार्थ : ‘आज निर्णय घेताना माझ्याकडून घाई होऊ नये. जे बोलायला उभे राहतील त्यांचं मी पूर्ण ऐकून घ्यावं. ज्यांनी मला मत दिलं नाही त्यांचंही काम माझ्या हातून नीट व्हावं.’ इंग्रजी करताना ‘आय’ ठेवा, ‘वुई’ नको. शेवटी ‘आमेन’ किंवा ‘शांतिः’ जोडू नका. श्रद्धावंताला ही प्रार्थना वाटेल, दुसऱ्याला वचन वाटेल. दोघांनाही तुम्हाला त्याची आठवण करून देण्याचा हक्क राहील, आणि ते चांगलंच आहे.

बाकीचे सदस्य म्हणतील तेव्हा काय करायचं, तेही तुम्ही विचारलंय. शांत उभ्या राहा किंवा शांत बसून राहा, पण दर वेळी तेच करा. मान झुकवायची गरज नाही. १९८६ मध्ये केरळमधल्या तीन भावंडांचा खटला भारताच्या सुप्रीम कोर्टात गेला होता. ती मुलं शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. कोर्टाने सांगितलं, आदराने उभी राहिली तेवढं पुरे, आणि त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. उभं राहणं म्हणजे म्हणणं नव्हे. बाहेर जाऊन थांबायचा सल्ला मात्र कोणी दिला तर घेऊ नका, आणि लोकांनाही देऊ नका. कॅनडातल्या सागने शहरात महापौर स्वतः माइकवर प्रार्थना म्हणत, आणि ज्यांना नको त्यांनी बाहेर थांबावं म्हणून प्रार्थना व सभा यांच्यात दोन मिनिटं सोडली होती. २०१५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने प्रार्थना तर थांबवलीच, वर सांगितलं की त्या दोन मिनिटांनी वेगळं पाडणं कमी होत नाही, उलट वाढतं. सगळ्यांच्या नजरेसमोरून उठून जाणं, मग दार ढकलून परत येणं, आणि मग त्याच लोकांपुढे अर्ज ठेवणं. विचार करून बघा.

पद्धत कायमची बदलायची असेल तर घाई नको, पण क्रम नीट ठेवा. आधी टाउन अटर्नींना लेखी विचारा की आपल्या सर्किटमध्ये सदस्यांनी स्वतः प्रार्थना सांगण्याबाबत काय स्थिती आहे. वकिलाचं पत्र समोर आलं की विषय तुमच्या धर्माचा राहत नाही, गावाच्या खिशाचा होतो, आणि त्यावर माणसं थंड डोक्याने बोलतात. मग अध्यक्षांना एकटं गाठा. ते चांगले गृहस्थ आहेत असं तुमच्या पत्रावरून दिसतंय, त्यांना चारचौघांत कोंडीत पकडू नका. बाकी सदस्यांना एकत्र ईमेल मात्र टाकू नका. सार्वजनिक कामावर बहुसंख्य सदस्यांनी सभेबाहेर चर्चा करणं खुल्या सभांच्या कायद्यात अडकू शकतं. ठरावात पर्याय ठेवा : सभा अधिकृतपणे सुरू झाल्यावर शांतता, आणि ज्या सदस्यांना एकत्र प्रार्थना करायची त्यांनी सभेआधी, आतल्या खोलीत, आपल्या मर्जीने करावी. तिथे तुम्हीही जाऊ शकता. तिथला ‘आम्ही’ खरा असेल.

हे वाचणाऱ्या इतरांनाही सांगते. तुम्ही ऑफिसात साहेब असाल, सोसायटीचे सेक्रेटरी असाल, मुख्याध्यापक असाल, तर प्रार्थना सांगायची वेळ आल्यावर एवढं बघा की या खोलीत कोणाचं काम माझ्या सहीवाचून अडलंय. ती माणसं तुम्हाला कधीच ‘नको’ म्हणणार नाहीत. आणि उलट, तुम्ही खालच्या खुर्चीवर असाल, मिनिट्स लिहिणारे, चहा आणणारे, नवीन लागलेले, तर एकट्याने झुंजायला जाऊ नका. वरच्यांपैकी एखादं समजूतदार माणूस शोधा आणि त्याला मुद्दा मांडू द्या. रेकॉर्ड रूममध्ये निघून जाण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये.

ताई, अध्यक्षांना फोन मीटिंगच्या आदल्या दिवशी करू नका. अजेंडा छापण्याआधी करा. एकदा तुमच्या नावापुढे ‘प्रार्थना’ असं छापून वेबसाइटवर चढलं की मंडळ, यजमान, शेजारी, सगळे त्या कागदावरून बोलू लागतील. त्याच फोनवर सांगा की माझ्या वेळेला लोकांना उभं राहायला सांगायचं नाही, मी बसूनच बोलेन. आणि त्या दिवशी सभागृहात दहा मिनिटं आधी जा. मंचावर चढण्याआधी समोरच्या शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर जरा वेळ बसा आणि तिथून तुमची जागा कशी दिसते ते बघा.

तुमची,
सदरलेखिका